चित्रकार अबालाल रहिमान

कोल्हापूरला कलापूर म्हणण्याची आपल्याला सवय झाली आहे. पण ह्या कलापुरात नव्या चित्रकलेचा पाया घालणाऱ्या अबालाल रहिमान ह्यांच्याविषयी विचारावे, तर तळ्यात चित्रे बुडविणारा फकीर, एवढीच आठवण बहुधा सांगितली जाते. माझे क्षेत्र गाण्याचे. तरी मी दरबारी गवयाचा मुलगा असल्यामुळे, राजाश्रय सरल्यावर कलावंताचे काय होते, ह्या दृष्टीने मला हे चरित्र फार जवळचे वाटते.

अबालालांचा जन्म १८६० च्या सुमाराचा. घराणे कुराणाच्या सुबक प्रती लिहिणाऱ्यांचे. तेव्हा रेषेचे वळण हातात घरातूनच आले. १८८० नंतरच्या दशकात त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले व तेथे सुवर्णपदकाचा मान मिळविला. मुंबईत राहून पैसा नि नाव दोन्ही मिळविणे त्यांना अवघड नव्हते. पण ते कोल्हापुरास परतले आणि अखेरपर्यंत येथेच राहिले.

शाहू महाराजांनी त्यांना दरबारचे चित्रकार नेमले. महाराजांचा शिकारीचा नाद सर्वश्रुत आहे. पाळलेल्या चित्त्यांकडून काळवीट धरण्याचा खेळ त्यांच्या काळी येथे जोरात होता. अशा सफरींत अबालाल बरोबर असत आणि शिकारीचे प्रसंग रंगवीत, असे सांगतात. मात्र त्यांचे मन खरे रमले ते पंचगंगेचा घाट, संध्यामठ आणि कोटितीर्थाचे पाणी ह्यांत. पाण्यावरचा सकाळचा नि संध्याकाळचा उजेड त्यांनी पुनःपुन्हा रंगविला. कोटितीर्थाच्या काठी ते एकटेच, फकिरासारखे राहत.

६ मे १९२२ रोजी महाराज मुंबईस निवर्तले. त्या दुःखात अबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात टाकली, ही हकीकत कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्याच सुमारास दरबारचे गायक अल्लादियाखाँसाहेब मुंबईस गेले. गवयाचे गाणे निदान शिष्यांच्या गळ्यांतून पुढे जाते. चित्राचे तसे नाही. कागद गेला की सारेच गेले. २८ डिसेंबर १९३१ रोजी अबालाल वारले.

त्यांच्याच पिढीचा एक अमेरिकन चित्रकार होता, फ्रेडरिक रेमिंग्टन. पश्चिमेकडील माळरानावरचे गुराखी, घोडदळ आणि तेथील मूळचे रहिवासी हे त्याचे विषय. मनास न उतरलेली आपली कित्येक चित्रे त्याने १९०७ व १९०८ साली जाळून टाकली. तो १९०९ साली वारला. पण १९२३ साली न्यूयॉर्क राज्यातील ऑग्डेन्सबर्ग गावी त्याच्या नावाचे संग्रहालय उभे राहिले. उरलेले नीट जपल्यामुळे गेलेल्याची भरपाई थोडी तरी झाली.

आपल्याकडेही थोडे उरले आहे. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील संग्रहालयात अबालालांची चित्रे आहेत. मुलांना तेथे न्यावे, आणि चित्र पाहून झाल्यावर त्यांना कोटितीर्थाच्या काठीही न्यावे. त्या हाताचे सामर्थ्य मग निराळे सांगावे लागत नाही.

आता जुन्या घरांतील वाचकांस एक विनंती. आपल्या माजघरात वा माडीवर कोणा वाडवडिलांनी घेतलेले जुने जलरंगी चित्र असेल, तर ते उन्हाच्या तिरिपीतून नि ओल्या भिंतीवरून आधी उतरवावे. जलरंग उजेडाने विटतो, आणि ओलीने कागदावर तांबूस ठिपके पडतात. काच कागदाला चिकटू देऊ नये. रंग उडाला म्हणून कोणाकडून वरून रंग भरून घेऊ नये. त्याने मूळचा हातच पुसला जातो. चित्र जाणकारास दाखवावे. ते अबालालांचे निघाले, तर निदान त्याचे छायाचित्र आणि ते घरात कसे आले ही माहिती संग्रहालयाकडे द्यावी. चित्र घरातच राहो. पण ते आहे, हे लोकांस कळले पाहिजे.