पांडित्य खाली ठेवणाऱ्या पंडिता

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचं छोटंसं चरित्र द्या, असं संपादक मंडळानं सांगितलं, तेव्हा पंडिता रमाबाईंचंच नाव डोळ्यांपुढे आलं. कारण साधं आहे. पंचवीस वर्षं एका आवारात राहिलेल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको की पाणी, पार्किंग आणि मेंटेनन्स यांच्यापेक्षा मोठी अडचण असते ती प्रत्येकाच्या 'मी'ची. रमाबाईंचा 'मी' तर भलताच मोठा असायला हरकत नव्हती. तो त्यांनी कसा खाली ठेवला, ते पाहण्यासारखं आहे.

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ इथं त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढं आईनंच रमाबाईंना शिकवलं. तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हे कुटुंब देशभर फिरलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि मोठी बहीण, तिघंही गेले. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं मजल दरमजल करत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. त्या काळी एका बाईला असा मान! डोकं फिरायला एवढं पुरेसं होतं.

पण नशिबानं पाय जमिनीवरच ठेवले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांनी जातीबाहेर विवाह केला. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती गेले. पदरी तान्ही मुलगी घेऊन त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढं स्त्रीशिक्षणाबद्दल साक्ष दिली, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं. त्या पुस्तकाची मराठी संस्कृतानं भरलेली, पंडिताला शोभेल अशी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, त्या वैद्यकी शिकायला. पण कानांनी साथ दिली नाही. बहिरेपणामुळं तो बेत सोडावा लागला. त्याच वर्षी वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता ख्रिस्ती झाल्या म्हणजे वरिष्ठ सांगतील तसं वागतील, असं तिथल्या धर्मगुरूंना वाटलं असेल तर तो त्यांचा गैरसमज होता. आपली सदसद्विवेकबुद्धी त्यांनी कुणाकडं गहाण ठेवली नाही. विश्वासाच्या बाबतीत त्या पत्रांतून सडेतोड वाद घालत. शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही. नम्रता म्हणजे समोरच्यापुढं मान तुकवणं, असं समजणाऱ्यांना रमाबाई कळणं कठीण आहे.

अमेरिकेत जाऊन, व्याख्यानं देऊन त्यांनी मदत उभी केली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. पुढं ते पुण्याला हललं. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई इथल्याच विद्यार्थिनी. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून मोठं वादळ उठलं. सल्लागार मंडळातली नामवंत मंडळी बाजूला झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं एवढंच होतं की मी माझी प्रार्थना दार बंद करून करणार नाही. कुणी यावं, न यावं. या प्रश्नावर आजही दोन मतं असू शकतात, आणि ती असू द्यावीत.

पण याच सुमारास त्यांच्या आत काहीतरी बदलत होतं. बाप्तिस्म्यानंतर आठएक वर्षांनी त्यांना जाणवलं, की आपण धर्म बुद्धीनं स्वीकारला, स्वतःला मात्र दिलं नाही. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर समर्पण ही मुदत ठेव नव्हे, की एकदा ठेवली आणि पावती कपाटात टाकली. ते रिकरिंग खातं आहे. रोजचा हप्ता रोज भरावा लागतो.

तो हप्ता त्यांनी केडगावात भरला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. स्वतःचे आईवडील भुकेनं गेलेले पाहिलेल्या या बाईनं रस्त्यावरच्या उपाशी मुली गोळा केल्या. पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावच्या माळरानावर मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथं जवळपास दोन हजार जणी होत्या. विहिरी, शेती, गाईगुरं, तेलघाणा, छापखाना, हातमाग, सगळं त्या मुलींच्या हातात. आपल्या भिवंडीकरांना मागाचं काय अप्रूप? पण तिथं मागावर बसणारी मुलगी पहिल्यांदाच स्वतःच्या पोटापुरतं कमवायला शिकत होती. आणि या पसाऱ्याला ठराविक उत्पन्नाची हमी नव्हती. येणाऱ्या देणग्या आणि रोजची प्रार्थना यांवर हा संसार चालला.

आता ती लक्षात ठेवलेली गोष्ट. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचं काम हाती घेतलं. आयुष्यातली दीड दशकाहून जास्त वर्षं त्यात गेली. कलकत्त्याच्या पंडितांना थक्क करणारं संस्कृत त्यांच्यापाशी होतं. तरी भाषा त्यांनी मुद्दाम साधी निवडली, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला समजेल अशी. जड संस्कृत शब्द टाळले. ही मराठी ओबडधोबड झाली असं म्हणणारे जाणकार आहेत, आणि ते काही अगदी चुकीचं नाही. पण ज्याला सुंदर लिहिता येतं त्यानं दुसऱ्यासाठी साधं लिहायचं, हे रोज ओळीओळीला स्वतःला मागं सारणं आहे. टाईप जुळवणाऱ्या, छापणाऱ्याही केडगावच्याच मुली.

जुलै १९२१ मध्ये त्यांचा उजवा हात असलेली मनोरमा गेली. तरीही मुद्रितं तपासणं थांबलं नाही. ती पुरी करूनच त्यांनी डोळे मिटले असं सांगतात. तो दिवस ५ एप्रिल १९२२. छापलेलं पूर्ण पुस्तक बाहेर आलं ते त्यानंतर.

आपण सर्व वेगवेगळ्या धर्मांची, भाषांची माणसं एका जिन्यावरून चढतो-उतरतो. रमाबाईंचा धर्म आपल्यापैकी फार थोड्यांचा असेल. पण पुढच्या सर्वसाधारण सभेत, आपलं म्हणणं शंभर टक्के बरोबर असताना, ते शेवटच्या रांगेतल्या आजींना समजेल अशा शब्दांत आणि आवाज न चढवता मांडायचं, एवढा एक हप्ता कुणालाही भरता येईल. खातं उघडायला पंचविसावं वर्ष काही उशिराचं नाही.