निजामशहाचा फिरंगी वैद्य

निजामशाही म्हटली की आपल्याला चांदबिबी आणि मलिक अंबर आठवतात. परंतु आपल्या नाशिकशेजारच्या अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) बुऱ्हाण निजामशहावर उपचार करणारा एक पोर्तुगीज वैद्य होता, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता.

१५०१ च्या सुमारास पोर्तुगालमध्ये तो जन्मला. आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकलले आणि १४९७ मध्ये पोर्तुगालने त्यांना सक्तीने ख्रिस्ती केले. त्यामुळे गार्सिया जन्मापासून ख्रिस्ती असला तरी समाजाच्या लेखी कायमचा संशयित! सालामांका व आल्काला येथे वैद्यक शिकून त्याने काही काळ लिस्बनला अध्यापन केले. १५३४ मध्ये तो गोव्यास आला, तो परत गेलाच नाही.

त्या काळी युरोपच्या विद्यापीठांत इब्न सिना (९८० ते १०३७) या इराणी वैद्याचा 'कानून' हा ग्रंथ प्रमाण मानला जाई. निजामशहाच्या पदरचे हकीमही याच इब्न सिनाचे अनुयायी. साहजिकच फिरंगी वैद्याचे तेथे जमले. शहाने त्याला रोगांची अरबी नावे शिकवावीत, त्याने शहाला लॅटिन. राजा आणि वैद्य एकमेकांचे विद्यार्थी झालेले मला तरी दुसरे आठवत नाहीत.

१५६३ मध्ये त्याने गोव्यातच आपला ग्रंथ छापला. विषय हिंदुस्थानातील औषधी. भाषा विद्वानांची लॅटिन नव्हे, तर पोर्तुगीज. सारा ग्रंथ संवादरूप आहे. रुआनो नावाचा काल्पनिक डॉक्टर प्राचीन आचार्यांचे दाखले देतो आणि गार्सिया स्वतः पाहिलेले सांगतो. ग्रीक असोत की अरब, डोळ्यांना दिसले त्यापुढे त्याने कोणाचीही भीड ठेवली नाही. मधूनच मालूपा हा हिंदू वैद्य येऊन बोलतो, अंतोनिया नावाची दासी झाडपाला आणून देते. मुंबई बेटही त्याच्याकडे खंडाने होते. तेथील आपल्या आंब्याला वर्षातून दोनदा बहर येतो, हे तो मोठ्या कौतुकाने लिहितो.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते पटकीवरील प्रकरण. माणूस काही तासांत कसा जातो, नाडी कशी बुडते, हे त्याने रोग्याजवळ बसून टिपले आहे. या रोगाचे येथील नावही त्याने नोंदवले. पोर्तुगिजांच्या तोंडी त्याचे 'मोर्देशी' झाले होते. म्हणजे आपली मोडशी! माझी आजी शाळेत गेलेली नाही; आमच्या घरात कॉलेजात आलेला मीच पहिला. ओकाऱ्या-जुलाब लागले की आजी अजून मोडशी झाली म्हणते. चारशे साठ वर्षांपूर्वीच्या फिरंगी ग्रंथात तिचा शब्द सापडावा, याचा आनंद परीक्षेतल्या गुणांनी मिळणार नाही.

इतके स्पष्ट लिहिणारा हा माणूस आपल्या धर्माविषयी मात्र जन्मभर गप्प राहिला. कारणही तसेच होते. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले होते. १५६८ मध्ये तो वारला, म्हणून वाचला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला छुपी ज्यू ठरवून जिवंत जाळले. १५८० मध्ये गार्सियावरही तोच आरोप सिद्ध धरून त्याच्या अस्थी थडग्यातून उकरून काढल्या व जाळल्या. तोवर क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने केलेला त्याच्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप १५६७ मध्येच अँटवर्पला छापून झाला होता आणि युरोपातले वैद्य तो वाचत होते.