भोकांतून आठवण ठेवणारा हर्मन



गेल्या सोमवारी शुद्धलेखनाचा तास सुरू झाला आणि चौथीतला एक जण पाणी पिऊन येतो म्हणून जो गेला, तो थेट ओढ्याकाठी सापडला. मी त्याला रागावलो. जरा जास्तच रागावलो. घरी जाताना मला हर्मन होलेरिथ आठवला आणि बोललेलं मनाला लागून राहिलं. म्हणून या वेळच्या भित्तिपत्रकात त्याचीच हकीकत लिहितो.

हर्मनचा जन्म २९ फेब्रुवारी १८६० रोजी अमेरिकेतील बफेलो या शहरी झाला. (वाढदिवस चार वर्षांतून एकदा! १९०० हे लीप वर्ष नव्हते, तेव्हा तर बिचाऱ्याला आठ वर्षे थांबावे लागले.) आईवडील जर्मनीतून आलेले. पोरगा हुशार, पण स्पेलिंग काही जमेना. तो तास आला की स्वारी वर्गातून पसार! अखेर त्याला शाळेतून काढून घरीच शिकवावे लागले. हाच मुलगा १८७९ साली कोलंबिया येथून खाणकामाचा इंजिनिअर होऊन बाहेर पडला.

पुढे तो अमेरिकेच्या १८८० च्या जनगणनेच्या कामावर लागला. २०११ च्या जनगणनेत मीही प्रगणक होतो. वस्त्यावस्त्या हिंडून तक्ते भरले. गठ्ठा जमा करताना मनात आलं, हे सगळं मोजायचं म्हणजे केवढं काम! हर्मनच्या वेळी ते कारकून हाताने करीत. आधी वयानुसार मोजा, मग धंद्यानुसार पुन्हा पहिल्यापासून मोजा. त्या मोजणीला जवळजवळ आठ वर्षे लागली. म्हणजे एक संपते न संपते तोच दुसरी जनगणना दारात!

यासाठी एखादे यंत्र हवे, असे तेथील डॉ. जॉन बिलिंग्ज यांनी त्याला सुचविले. हर्मनने ते मनावर घेतले. एकदा आगगाडीत त्याने पाहिले की कंडक्टर तिकिटाला भोके पाडून उतारूचे वर्णन नोंदवतो. केस कसे, डोळे कसे, नाक केवढे. झालं! माणशी एक जाड कागदाचे कार्ड घ्यायचे. पुरुष असेल तर या जागी भोक, स्त्री असेल तर त्या जागी. वयाची जागा वेगळी, धंद्याची वेगळी. अक्षर नाही, काना नाही, मात्रा नाही!

हे कार्ड यंत्रात ठेवून दांडा दाबला की वरून टाचण्यांसारख्या तारा खाली येत. भोक असेल तिथे तार आरपार जाऊन खालच्या वाटीतल्या पाऱ्याला टेके, वीज वाहू लागे आणि तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरके. भोक नसेल तिथे तार अडे. खरी गंमत पुढेच आहे. कार्ड एकदा भोकले की त्यातली माहिती कायमची राही. पुन्हा हवी तशी मोजा, घरोघर जायला नको. यंत्राला वाचता येईल अशी आठवण त्याने कागदात साठवली होती. १८९० साली सव्वासहा कोटी अमेरिकन माणसांची गणना या यंत्रावर झाली.

स्वभावाने मात्र तो हट्टी. यंत्रांच्या भाड्यावरून जनगणना कार्यालयाशीच बिनसले आणि १९१० च्या गणनेसाठी त्यांनी आपली वेगळी यंत्रे बनवली. हर्मनने १८९६ साली काढलेली कंपनी १९११ मध्ये इतर कंपन्यांत मिसळली. तिलाच १९२४ पासून आय. बी. एम. म्हणू लागले. १७ नोव्हेंबर १९२९ रोजी तो वारला.

त्याच्या कंपनीने १९२८ साली काढलेल्या कार्डावर ८० अक्षरे मावत. संगणकातही हीच कार्डे कित्येक वर्षे चालली. एका अक्षराला एक बाइट धरू. मोबाइलमधले नखाएवढे कार्ड मी तुम्हांला दाखवले होते ना? ते ८ जीबीचे, म्हणजे ८०० कोटी बाइटचे. भागाकार करा. हर्मनची १० कोटी कार्डे! एकावर एक रचली तर सतरा किलोमीटरांहून उंच ढीग होईल, जवळजवळ दोन एव्हरेस्ट. आता कागदाला भोक नसते, विजेचा भार असतो किंवा नसतो. हो की नाही, एवढेच.

शनिवारी शाळा सुटल्यावर जुन्या वह्यांचे पुठ्ठे आणि दाभण घेऊन या. आपल्या शाळेची मोजणी भोके पाडून करू. ओढ्याकाठच्या पाहुण्याने तर यायचंच. पहिलं कार्ड त्याच्या हातचं.

— तुमचे गुरुजी