पंडिता रमाबाईंच्या वाटेची शिदोरी

लांबच्या पायी प्रवासास निघणारा मनुष्य सोबत काय घ्यावे याचा विचार अगोदर करितो. पीठमीठ, पांघरूण, लोटा, काठी आणि कनवटीस चार पैसे एवढी जमवाजमव झाली म्हणजे आपली तयारी पुरी झाली असे त्यास वाटते. पंडिता रमाबाई यांनी तरुणपणीच आपल्या बंधूबरोबर चार हजार मैलांहून अधिक, म्हणजे आपल्या हिशेबाने दोन हजार कोसांवर वाट पायांनी तुडविली. आणि यांपैकी बहुतेक वस्तू त्यांच्यापाशी नव्हत्या. मग त्यांची तयारी ती कोणती, आणि तीत उणे काय राहिले, हे पाहण्याजोगे आहे.

ह्या तयारीचा आरंभ रमाबाईंच्या जन्मापूर्वी कितीतरी वर्षे पुणे शहरी झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्यार्थी असता रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी शिकत. हे गुरू दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या वाड्यात त्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवावयास जात, व शिष्यही कधी त्यांच्याबरोबर जाई. एका स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक निघत आहेत हे ऐकून त्या तरुणास मोठे आश्चर्य वाटले, आणि आपणही आपल्या पत्नीस असेच शिकवावे असे त्याने मनात घेतले. १८१८ साली पेशवाई बुडाली, तरी हा निश्चय बुडाला नाही. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांनी तो तडीस जाऊ दिला नाही. पुढे प्रौढ वयात, गोदावरीकाठी भेटलेल्या एका यात्रेकरूच्या नऊ वर्षांच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला, त्या लक्ष्मीबाई. त्यांना शास्त्रीबोवांनी शिकविण्यास आरंभ करताच लोकांनी गिल्ला केला, तेव्हा ते पत्नीस घेऊन सह्याद्रीवरील गंगामूळच्या रानात जाऊन राहिले.

रानातील पहिली रात्र उघड्यावर गेली. ओढ्यापलीकडे वाघ डरकाळ्या फोडीत होता. अल्पवयी लक्ष्मीबाई पासोडी गुंडाळून भुईवर निजून राहिल्या आणि पती उजाडेपर्यंत पहारा करीत बसले. अशा ठिकाणी पुढे झोपडी झाली, शिष्य जमले, आणि तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

त्या सुमारे सहा महिन्यांच्या असता कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. तान्ह्या मुलीस वेताच्या पेटीत निजवून डोंगराखाली आणिले. त्यांचा प्रवास असा पाळण्यापासूनच सुरू झाला. अतिथींच्या खर्चात शास्त्रीबोवांची मालमत्ता संपत चालली होती, आणि एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थास जाणे हाच त्या घरचा संसार झाला.

चालत्या बिऱ्हाडात शाळा कोठली? आई हीच शाळा व आईचे तोंड हेच पुस्तक. रमाबाई आठ वर्षांच्या झाल्यापासून पंधरा वर्षांच्या होईपर्यंत लक्ष्मीबाईंनी त्यांस शिकविले. भल्या पहाटे झोपेने जड झालेल्या मुलीस लाडक्या शब्दांनी उठवावे आणि पाठ म्हणून घ्यावा, असा क्रम असे. बाराव्या वर्षाच्या सुमारास भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांस मुखोद्गत होते असे सांगतात. पाठीवर ओझे वाहणाऱ्यास ह्याचे मोल लवकर कळेल. कंठस्थ केलेले भिजत नाही, चोरीस जात नाही, आणि नदी उतरताना ते डोक्यावर धरावे लागत नाही.

ह्याच विद्येवर त्यांचे पोट चाले. देवळाच्या आवारात, नदीच्या घाटावर किंवा झाडाखाली बसून पुराण वाचावे; येणाऱ्याजाणाऱ्यांनी नमस्कार करून फळ, धान्य, पैसा पुढे ठेवावा. शास्त्रीबोवा भीक मागत नसत, व द्रव्यासाठी व्यावहारिक कामही करीत नसत. मुलांस त्यांनी हातांचा कोणताही धंदा शिकविला नाही. संसारी विद्या त्यांस कमी प्रतीची वाटे. आमच्या मते त्या थोर पुरुषाची चूक झाली ती येथेच. पुराणिकाची शिदोरी ही ऐकणाराच्या घरून येते. त्याच्या घरची चूल विझली म्हणजे पुराणिकाची शिदोरीही सरते.

आणि ती सरली. १८७४ पासून १८७७ पर्यंतच्या वर्षांत मद्रास इलाख्यात जो घोर दुष्काळ पडला त्यात त्यांच्याजवळचे होते नव्हते ते सर्व, दागिने व भांडीसुद्धा, विकले गेले. तिरुपतीच्या बाजूच्या रानात अकरा दिवस पाणी, झाडपाला व मूठभर रानखजूर यांवर त्यांनी काढले. वृद्ध पिता आता आंधळा व क्षीण झाला होता. पवित्र तळ्यात देह ठेवावा असे त्याच्या मनाने घेतले. तेव्हा वडील बंधू श्रीनिवास यांनी, जातीचा अभिमान सोडून आपण मजुरी करू, असे सांगून तो बेत मोडिला. पण ज्या हातांस कधी काम ठाऊक नव्हते आणि ज्या अंगात उपासाने त्राण नव्हते, त्यांस मजुरी कोठून मिळावी? थोड्याच दिवसांत पिता वारला.

पुढे सुमारे दीड महिन्याने मातेची पाळी आली. तापात भुकेने तळमळणाऱ्या आईने भाकरीचा तुकडा मागितला. रमाबाई शेजारच्या एका बाईकडे गेल्या, पण मागण्याची सवय नसलेल्या त्या मुलीच्या तोंडून शब्दच फुटेना. अठरा हजार श्लोक येत होते, पण हे एवढे मागणे येईना. बाईने तिच्या चेहऱ्यावरून ओळखून बाजरीची भाकर दिली; परंतु आईस ती खाण्याचे बळ उरले नव्हते. लक्ष्मीबाई वारल्या तेव्हा खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळाली नाहीत. रमाबाई स्वतः तिरडीस लागल्या, आणि उंची कमी असल्यामुळे आपल्या बाजूचा भार त्यांनी डोक्यावर घेतला. काही महिन्यांनी वडील बहीणही गेली.

उरलेली दोघे भावंडे उत्तरेकडे चालू लागली, ती काश्मीरपर्यंत गेली. पुरेसे वस्त्र नव्हते, निवारा म्हणजे धर्मशाळा किंवा झाड. पाण्यात भिजविलेले मूठभर धान्य व मीठ हे जेवण. कधी रानबोरांसारखी कठीण फळे बियांसकट खावी. पंजाबात झेलम नदीकाठी थंडी असह्य झाली, तेव्हा वाळूत दोन खड्डे खणून त्यांत ती दोघे शिरली, आणि तोंड तेवढे बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. अशी पुष्कळ वाट चालून १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी त्या तरुणीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. आईच्या तोंडची विद्या अखेर फळास आली.

पुढील वर्षे भराभर गेली. १८८० साली बंधू वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला व १८८२ साली तेही वारले. लहान मनोरमेस घेऊन त्या पुण्यास आल्या. तेथे आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. अमेरिकेहून परतल्यावर १८८९ साली मुंबईस शारदासदन निघाले, आणि १८९० साली ते पुण्यास आले. ज्या शहरी एका विद्यार्थ्याने स्त्रीचे संस्कृत ऐकून निश्चय केला होता, त्याच शहरी त्याची कन्या विधवांस शिकवू लागली.

१८९६–९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडल्याचे वर्तमान पुण्यास आले. हाती पैसा फार नव्हता. तरी बाई निघाल्या, कारण उपासाची हकीकत त्यांस कोणी सांगावयास नको होती. झाडाखाली हाडांचे सापळे होऊन पडलेल्या मुली पाहून त्यांस आपले तिरुपतीचे रान आठवले. अशा मुलींस घेऊन त्या परतल्या, तो पुण्यात प्लेगचा कडक बंदोबस्त. इतक्यांस शहरात ठेवण्याची सोय राहिली नाही. मग केडगाव येथे अगोदर घेतलेल्या शेतावर त्यांस नेले. घरे नव्हती, तंबू व झोपड्या उभारल्या. तेच पुढे मुक्तिसदन झाले. पुन्हा १९०० सालच्या दुष्काळात गुजरातेतून शेकडो मुली तेथे आल्या.

तेथे बाईंनी काय शिकविले ते पाहावे. पवित्र शास्त्र व लिहिणेवाचणे हे होतेच. परंतु त्यासोबत हातमाग, शिवण, शेतकाम, तेलाचा घाणा व छापखाना हेही होते. विद्वान पित्याची कन्या, स्वतः विद्येसाठी नावाजलेली. तथापि आपल्याकडील एकही मुलगी हातांच्या कामावाचून वाटेस लावावयाची नाही असा तिचा बाणा दिसतो.

आयुष्याची अखेरची वर्षे बाईंनी पवित्र शास्त्राचे मूळ भाषांवरून सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे बाईंनी देह ठेविला. भाषांतर तोपर्यंत पुरे झाले होते, आणि त्याचे खिळे मुक्तिसदनातील स्त्रियांनीच तेथील छापखान्यात जुळविले.