लिंडबर्ग आणि वजनाचा हिशेब

अटलांटिक महासागर एकट्याने, कोठेही न थांबता विमानाने ओलांडणारा पहिला माणूस म्हणून चार्ल्स लिंडबर्ग यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या धाडसाचे कौतुक पुष्कळ झाले. मी पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी. मला त्या धाडसामागचा हिशेब अधिक मोलाचा वाटतो.

लिंडबर्ग यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९०२ रोजी अमेरिकेत डेट्रॉइट येथे झाला. इंजिनिअरिंगचे शिक्षण अर्धवट सोडून ते वैमानिक झाले आणि १९२६ पासून विमानाने टपाल नेऊ लागले. न्यूयॉर्क-पॅरिस उड्डाणासाठी तेव्हा २५,००० डॉलर्सचे बक्षीस होते. सप्टेंबर १९२६ मध्ये रेने फाँक यांचे प्रमाणाबाहेर लादलेले विमान जमीन सोडू शकले नाही. ते पेटून दोघे दगावले. एप्रिल १९२७ मध्ये डेव्हिस व वूस्टर हे दोघे जड विमानाची चाचणी घेताना मरण पावले.

लिंडबर्ग यांनी यातून बोध घेतला. एकच इंजिन, एकच माणूस! रेडिओ नाही, पॅराशूट नाही, बसायला वेताची खुर्ची. जे वजन वाचले त्याचे पेट्रोल झाले. सुमारे ४५० गॅलन, म्हणजे जवळजवळ २७०० पौंड. विमानाच्या एकूण भारापैकी निम्म्याहून अधिक!

पण वजन किती, एवढाच प्रश्न नसतो. ते कोठे ठेवले, हाही असतो. आपण तरफेचा नियम शिकतो, तोच येथे लागू पडतो. भार मागे सरकला तर शेपूट जड होते, नाक वर उचलले जाते आणि पंखांचा आधार सुटतो. भार फार पुढे गेला तर नाक उचलतच नाही. शिवाय पेट्रोल वाटेत जळत जाते; टाकी भलत्या जागी असेल तर गुरुत्वमध्य हवेतच सरकतो. म्हणून मुख्य टाकी वैमानिकाच्या पुढे, गुरुत्वमध्याजवळ बसविली. समोरचे दिसेनासे झाले, तेही त्यांनी पत्करले.

२० मे १९२७ रोजी सकाळी, चिखलाच्या मैदानातून ते जड विमान तारांवरून थोडक्यात निसटले. साडेतेहतीस तासांनी ते पॅरिसला उतरले.

पुढील आयुष्य सरळ नव्हते. १९३२ मध्ये त्यांच्या तान्ह्या मुलाचे अपहरण होऊन खून झाला. महायुद्धात अमेरिकेने पडू नये असा प्रचार त्यांनी १९४१ पर्यंत केला. त्या वेळी ज्यूंविषयी ते जे बोलले त्याचे समर्थन मी करणार नाही. १९४४ मध्ये पॅसिफिकच्या आघाडीवर त्यांनी वैमानिकांना पेट्रोल वाचवून दूर जाण्याची रीत शिकविली. २६ ऑगस्ट १९७४ रोजी हवाई बेटांवर त्यांचे निधन झाले.

आजही प्रत्येक विमान उडण्यापूर्वी प्रवासी, सामान व इंधन यांचा तक्ता मांडतात. त्यातील एक चुकीचा आकडा अनेकांच्या जिवावर बेतू शकतो. विद्यार्थी मित्रहो, गणिताच्या वहीतली चूक तांबड्या शाईने सुधारता येते. आकाशात ती सोय नसते.