फिरत्या चकतीचा माणूस : ओटो ब्लाती

उन्हाळ्याच्या सुट्टीत लाखांदूरला घरी गेलो, तर चकतीवाले जुने मीटर जाऊन डिजिटल मीटर लागलेले. आमचे आबा रोज त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसत. लाल दिवा लुकलुकतो म्हणजे मीटर उगाच पळते, असा त्यांचा पक्का समज. जुनी चकती फिरताना तरी दिसायची, आता आत काय चालते कोण जाणे! मी इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी, पण मलाही धड सांगता येईना. हॉस्टेलवर परतल्यावर सरळ लायब्ररी गाठली. तिथे भेट झाली ओटो ब्लातीशी.

ब्लातीचा जन्म ११ ऑगस्ट १८६० रोजी हंगेरीतील ताता या गावी झाला. १८८२ मध्ये त्याने व्हिएन्नाहून पदवी घेतली, तीही मेकॅनिकलची! विजेचे शास्त्र तो मॅक्सवेलच्या सिद्धान्तांवरून स्वतःच शिकला. १८८३ मध्ये तो बुडापेस्टच्या गांझ कारखान्यात लागला. १८८५ मध्ये झिपरनोव्स्की आणि डेरी या सहकाऱ्यांसोबत त्याने बंद गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर तयार केला. ट्रान्सफॉर्मर हे नावही त्यानेच दिले. आपल्या गावात ज्याला सगळे डीपी म्हणतात, त्याच्या आत हेच यंत्र बसलेले असते.

ट्रान्सफॉर्मरमुळे एसी वीज दूरवर जाऊ लागली. पण ती मोजायची कशी? एडिसनच्या डीसी पुरवठ्यासाठी रासायनिक मीटर होते. बरणीतल्या द्रावणात जस्ताच्या पट्ट्या ठेवायच्या, काही दिवसांनी त्या नेऊन वजन करायच्या आणि त्यावरून बिल काढायचे. घरमालकाला काहीच पडताळता येत नसे. शिवाय एसीवर हे मीटर चालतच नव्हते.

इटलीच्या फेरारिसने १८८५ मध्ये फिरते चुंबकीय क्षेत्र दाखवले होते. त्याच तत्त्वावर ब्लातीने १८८९ मध्ये इंडक्शन मीटर बनवले. त्याला इनपुट दोनच : बारीक तारेच्या पुष्कळ वेढ्यांच्या कॉइलमधून व्होल्टेज आणि जाड तारेच्या थोड्या वेढ्यांमधून करंट. दोन्ही मिळून चकती फिरवतात, आणि कायम चुंबक तिला ब्रेक लावतो. त्यामुळे चकतीचा वेग वापरलेल्या पॉवरच्या प्रमाणात राहतो. आउटपुट म्हणजे चकतीचे फेरे. ते विकणाऱ्याला दिसतात तसे घेणाऱ्यालाही दिसतात. पहिले मीटर म्हणे तब्बल २३ किलोचे होते!

पुढे ब्लातीच्या नावावर शंभरावर पेटंट्स झाली. बुद्धिबळाचाही त्याला भारी नाद. मात करायला २९० चाली लागतील असे कोडे त्याने रचले होते. २६ सप्टेंबर १९३९ रोजी बुडापेस्टमध्ये त्याचे निधन झाले.

आता आबांच्या मीटरकडे येऊ. डिजिटल मीटरचे इनपुटही तेच दोन, व्होल्टेज आणि करंट. आतली चिप त्यांचा गुणाकार करून बेरीज करत जाते. ठरावीक ऊर्जा साचली की दिवा एकदा लुकलुकतो. चकतीच्या फेऱ्यांची जागा आता या पल्सने घेतली आहे. मोठ्या मीटरमध्ये हाच पल्स तारेने बाहेर काढून दुसऱ्या यंत्राला देता येतो.

दिवाळीत घरी गेल्यावर आबांना घेऊन प्रयोग केला. मीटरवर एका युनिटला ३२०० पल्स असे छापले होते. म्हणजे १०० वॅटच्या बल्बला तासाला ३२० पल्स, दर सव्वाअकरा सेकंदांनी एक. आधी घरातली सगळी बटणे बंद केली, लुकलुकणे थांबले. मग एकच बल्ब लावला. आबा हातात घड्याळ घेऊन बसले. बारा सेकंद भरले! लाईन कमी होती, त्यामुळे बल्ब पूर्ण शंभर वॅट घेत नव्हता. आबांनी तीनदा मोजले आणि खुर्ची उचलून अंगणात नेली.

मित्रांनो, हा प्रयोग तुम्हीही घरी करून बघा. हॉस्टेलमध्ये मात्र पाणी तापवायच्या कॉइलवर करू नका. हजार वॅटला पल्स जवळजवळ दर सेकंदाला येतो, आणि रेक्टर सरांनाही मोजता येते!