लक्ष्मीबाई टिळक : स्वयंपाकघरात भेटलेला देव



घरे आशीर्वादित करायला जातो तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच गाऱ्हाणे ऐकतो : फादर, प्रार्थनेला वेळच मिळत नाही. सकाळी डबे, मुलांची शाळा, एस.टी. गाठायची घाई आणि संध्याकाळी पुन्हा चूल. देव रविवारी चर्चमध्ये भेटतो, उरलेले सहा दिवस संसाराचे, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकलेली असते. दुसरे एक दुःख काहीजण हळू आवाजात सांगतात. कुणाचा नवरा मिस्सेला येत नाही, कुणाचा मुलगा आईला फाटकापर्यंत सोडून परत जातो, कुणाच्या घरात दोघांचा विश्वास दोन वाटांनी चालतो. अशा घरात देवाची कृपा असते का, हा त्यांचा प्रश्न असतो.

आज उत्तरादाखल मी तुम्हांला एका बाईंचे जीवन सांगणार आहे. त्या काही काळ आपल्या साताऱ्यातही राहिल्या होत्या. त्यांचे नाव लक्ष्मीबाई टिळक. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या त्या पत्नी. टिळकांची भक्तिगीते आपण आपल्या उपासनेतही गातो. हे दाम्पत्य कॅथलिक नव्हते, अमेरिकन मराठी मिशनच्या प्रॉटेस्टंट मंडळीतले होते. तरी त्यांच्याकडून शिकण्यात आपल्याला संकोच नसावा. आपल्यापासून वेगळ्या झालेल्या ख्रिस्ती बंधुभगिनींमध्ये पवित्र आत्म्याने जे चांगले घडवले, ते आनंदाने मान्य करावे, अशी शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली दिली. सांगली-मिरजेकडे आपली कितीतरी नातीगोती प्रॉटेस्टंट कुटुंबांशी जुळलेली आहेत, हे तुम्हांला माहीत आहेच.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळच्या जलालपूर गावी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. घर कर्मठ ब्राह्मणाचे होते आणि वडिलांचे सोवळे तर विलक्षण कडक. बाजारातून आणलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यायची नाही, असा त्यांचा दंडक होता. मिठासारखी वस्तूसुद्धा त्यातून सुटत नसे. आपल्याला आज हसू येते, पण घरातल्या बायकामुलांना त्याचा जाच भोगावा लागे. पाणी हे माणसाची तहान भागवण्यासाठी आहे, तसे माणसाला माणसापासून दूर ठेवण्यासाठीही आहे, हा धडा त्या मुलीला लहानपणीच मिळाला.

वयाच्या अकराव्या वर्षी तिचे लग्न झाले. नारायणराव बुद्धिमान, कविमनाचे, कमालीचे उदार आणि तितकेच लहरी. हातात पैसा आला की गरजवंताला देऊन मोकळे व्हायचे, मग घरात पीठ आहे की नाही याची काळजी बायकोने करायची. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख त्यांना लग्नानंतर नवऱ्याकडूनच झाली.

टिळक सत्याच्या शोधात होते. रेल्वेच्या एका प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण ख्रिस्ती माणसे ही गोष्ट आनंदाने सांगतो, पण त्या दिवशी एक संसार मोडला हेही विसरू नये. पत्नीची संमती त्यांनी घेतली नव्हती. लक्ष्मीबाईंना ती बातमी ऐकावी लागली. पदरात लहान मुलगा. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. लोकांच्या नजरा आणि बोलणी सोसत त्यांनी काही काळ पंढरपुरात काढला. दुःख आवरेना तेव्हा त्या कविता रचू लागल्या. आपल्या घरात आज जे तुटलेपण आहे, त्याच्याहून हे लहान नव्हते.

काही वर्षांनी त्या टिळकांकडे अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) राहायला आल्या, पण ख्रिस्ती व्हायला नव्हे. आपला स्वयंपाक निराळा, आपले पाणी निराळे, असा त्यांचा बेत होता. टिळकांनी त्याला मोडता घातला नाही. स्वतःच्या घाईने केवढी जखम झाली हे त्यांना कळले असावे. या वेळी त्यांनी वाट पाहिली. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात अशाच घरांचा विचार केला आहे. विश्वास न ठेवणारा जोडीदार सोबत राहायला राजी असेल, तर त्याला सोडू नये, कारण एकाच्या विश्वासाने दुसराही पवित्र होतो, असे त्याचे सांगणे आहे.

मग कृपेने काम कुठे केले? मोठ्या सभेत नाही, वादविवादात नाही. लक्ष्मीबाई चुलीपाशी बसून विचार करीत होत्या. ज्यांच्या हातचे पाणी आपण घेत नाही ती माणसे आपल्या आजारात धावून येतात, आपल्या मुलाला जीव लावतात, हे त्या पाहत होत्या. एके दिवशी मनात एक विचार ठाम उभा राहिला. देवाने माणूस निर्माण केला, जाती माणसांनी केल्या. मग त्या विचारापाशी थांबल्या नाहीत. ज्यांच्या हातचे चालत नव्हते, त्यांच्या हातचे अन्नपाणी त्यांनी घेतले. जन्मभराचे सोवळे त्यांनी कुणाच्या दडपणाखाली न येता स्वतःच्या हाताने उतरवून ठेवले. १९०० साली राहुरी येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याला तेव्हा पाच वर्षे झाली होती.

इथे संत योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची आठवण होते. याकोबाच्या विहिरीवर प्रभू येशू थकून बसला आहे आणि ज्या समाजाशी यहुदी लोक भांडेही वाटून घेत नसत, त्या समाजातल्या बाईकडे तो प्यायला पाणी मागतो. जिवंत पाण्याची सगळी शिकवण त्या एका साध्या मागणीपासून सुरू होते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीतही बाप्तिस्म्याच्या पाण्याची वाट घागरीतल्या पाण्यावरून गेली. आधी त्यांनी शेजारणीच्या हातून पाणी घेतले, मग ख्रिस्ताच्या हातून.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आम्ही पाठ केला होता. ईश्वरी कृपा मानवी स्वभाव मोडून टाकत नाही, ती त्याला पूर्णत्वाला नेते. परीक्षेत मी तो बरोबर लिहिला असेन, पण त्याचा अर्थ लक्ष्मीबाईंच्या चरित्राने मला अधिक समजावला. बाप्तिस्म्यानंतर त्या वेगळ्याच कुणी बाई झाल्या नाहीत. त्यांचा विनोद, त्यांचा फटकळपणा, त्यांचे ओवीचे वेड, त्यांची काटकसर, सगळे तसेच राहिले. फक्त जी चूल पूर्वी चार माणसांपुरती होती, ती आता अनेकांची झाली. १८९९-१९०० च्या दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना मिशनने आसरा दिला, तेव्हा लक्ष्मीबाईही त्या मुलांच्या आई झाल्या. वडिलांच्या घरी शिवाशिव पाळायला शिकलेले हात आता परक्या लेकरांना न्हाऊ-माखू घालू लागले.

१९१७ साली टिळकांनी मिशनचे पगारी काम सोडले, संन्यास स्वीकारला आणि साताऱ्यात येऊन 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्याही ख्रिस्तभक्तांनी भारतीय रीतीने, बंधुभावाने एकत्र यावे, अशी त्यांची कल्पना होती. कल्पना मोठी होती, पण घरात ठरावीक पगार येणे बंद झाले. त्या वेळी लक्ष्मीबाई एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. नवऱ्याच्या ध्येयाचा खर्च पुन्हा एकदा बायकोच्या डब्यांतून भागायचा होता. त्यांना हे सोपे गेले नाही आणि सोपे गेले असे त्यांनी कधी भासवलेही नाही. मला हे फार मोलाचे वाटते. कृपा म्हणजे कुरकूर न होणे नव्हे. कुरकूर करीतच, पण प्रेम न सोडता पुढचे ताट वाढणे, यातही कृपा असते.

दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत देवाघरी गेले. 'ख्रिस्तायन' हे प्रभू येशूच्या जीवनावरील त्यांचे महाकाव्य अवघ्या दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या विधवेने पुढचे साठाहून अधिक अध्याय रचले. पुढे त्या मुलाबरोबर कराचीतही राहिल्या. १९३४ पासून त्यांच्या आठवणी 'स्मृतिचित्रे' या नावाने भागाभागाने प्रसिद्ध झाल्या आणि मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत त्या पुस्तकाला स्थान मिळाले. त्यात चमत्कार नाहीत. नवरा-बायकोची भांडणे आहेत, उसनवारी आहे, आजारपणे आहेत, पाहुणे आहेत. त्यातूनच देव हळूहळू दिसत जातो. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाईंनी शेवटचा श्वास घेतला.

बंधुभगिनींनो, आविलाची संत तेरेसा आपल्या मठातल्या भगिनींना सांगत असे की, स्वयंपाकघराचे काम वाट्याला आले तर खंत करू नका, प्रभू तिथल्या भांड्यांमधूनही वावरत असतो. कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हणण्याची आपली परंपरा आहे. तरीही आपण देवाला देव्हाऱ्यात आणि वेदीवर शोधतो, आणि ओट्यापाशी, मोरीपाशी, कामावर जाताना तो नसेलच असे धरून चालतो.

ज्यांच्या घरी जोडीदार किंवा मुले श्रद्धेपासून दूर आहेत, त्यांना माझे सांगणे आहे की, पाच वर्षांचा तो काळ आठवा. टोमणे मारून कुणी चर्चमध्ये येत नाही. प्रार्थना सोडू नका, पण वाढलेल्या ताटाशेजारी उपदेशही वाढू नका. आणि आपण सर्वांनी आणखी एक गोष्ट तपासून पाहावी. आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींसाठी, रस्त्याचे काम करणाऱ्या मजुरासाठी वेगळा पेला ठेवलेला आहे का? आपल्या गावात, आपल्याच ख्रिस्ती मंडळींत, लग्न जुळवताना जात विचारली जाते का? ज्या सोवळ्याला लक्ष्मीबाईंनी सव्वाशे वर्षांपूर्वी निरोप दिला, ते आपण बाप्तिस्मा घेऊनही फडताळात जपून ठेवले असेल, तर कृपेला आपल्या घरात शिरायला दारच उरत नाही.

आज मिस्सेच्या अर्पणविधीच्या वेळी जरा लक्ष देऊन पाहा. धर्मगुरू द्राक्षारसात पाण्याचा एक थेंब घालतो. त्या थेंबात आपले मनुष्यपण असते, ते ख्रिस्ताच्या जीवनात मिसळून जाते. घरातल्या माठातले पाणी आणि प्याल्यातले ते पाणी एकच आहे. या आठवड्यात रोज सकाळी पहिला तांब्या भरताना क्रूसाची खूण करा, घरातल्या एका माणसाचे नाव घ्या आणि त्याला देवाच्या हाती सोपवा. याला वेळ लागत नाही.

प्रभू तुमच्या चुलीवर, तुमच्या कामावर आणि तुमच्या वाट पाहण्यावर आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू